मोकळ्या वेळाचा बंदोबस्त

परदेशच्या सहलीची जी छापील कार्यक्रमपत्रिका यात्रा-कंपन्या आपल्या हाती ठेवतात, तिच्यात राजवाडे, प्रार्थनामंदिरे, संग्रहालये आणि न्याहाऱ्या यांची यथासांग जंत्री दिल्यानंतर मध्येच कोठेतरी 'दुपारी मोकळा वेळ' अशी एक निरुपद्रवी ओळ घातलेली असते. आणि सबंध सहलीत मंडळींना सर्वांत अधिक दमविणारा, त्यांच्या स्वभावाची कसोटी पाहणारा आणि व्यवस्थापकास त्यांच्यामागे रानोमाळ भटकावयास लावणारा भाग कोणता असेल, तर तो या एका ओळीतच दडलेला असतो. एकट्या माणसाचा मोकळा वेळ हा त्याच्या खाजगी मालकीचा ऐवज होय. तो त्याने झोपून घालवावा, नाहीतर झाडाखाली बसून उधळावा, त्यावर कोणाची हरकत नाही. परंतु चाळीस माणसांचा मोकळा वेळ ही सामाईक मिळकत असते, आणि तिच्या वाटपाचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे आमच्या हवेली तालुक्यातील कोणत्याही सामाईक मिळकतीचे जे होते, तेच यथाकाल तिचेही होते.

त्याच तालुक्यातील आमचे मांजरी बुद्रुक हे गाव पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्ता आणि मुळा-मुठेचा काठ यांच्या दरम्यान वसलेले असून, नदीच्या पलीकडच्या तीरावर मांजरी खुर्द आहे. साखर कारखान्यांनी १९७५ साली उभारलेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था येथे आहे. १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र येथे आहे. त्यामुळे ऊस आणि द्राक्षे या दोन विषयांवर येथील कोणताही गृहस्थ, विचारल्यावाचून, वाटेल तितका वेळ अधिकारवाणीने बोलू शकतो. २०२१ साली गाव महानगरपालिकेत दाखल झाले, आणि ज्यांच्या नावावर पूर्वी एकर असत त्यांच्या नावावर आता मजले असतात. तथापि बागायतदार ही पदवी माणूस बाग विकल्यानंतरही विकत नाही. दोन्ही मांजऱ्यांच्या अशाच काही आजी-माजी बागायतदारांनी, एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर, आपापसांत वर्गणी जमवून स्पेनच्या द्राक्षबागा पाहण्याचा घाट घातला. 'सहल' म्हटले असते तर घरोघरी चौकशी झाली असती. 'अभ्यासदौरा' म्हटल्यामुळे ती टळली, आणि अभ्यासास पूरक म्हणून प्रत्येकाची पत्नीही बरोबर आली.

अभ्यासाचे काम मंडळींनी प्रामाणिकपणे आणि झटपट आटोपले. विनालोपोच्या खोऱ्यात द्राक्षाचा प्रत्येक घड वेलीवर असतानाच कागदी पिशवीत घालून वाढवितात, आणि ती द्राक्षे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा टोल्यांबरोबर बारा, या प्रमाणात समस्त स्पॅनिश जनता गिळते, ही माहिती मिळताच आमच्या आप्पांनी देशाची लोकसंख्या विचारली, तिला बाराने गुणले आणि एका रात्रीच्या मागणीचा तो आकडा वहीत टिपून घेऊन, दौऱ्याचा खर्च आपल्यापुरता वसूल झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर उरले ते व्हॅलेन्सिया शहर, जे रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १३८ मध्ये वसविले, आणि जे पाहण्यासाठी आमच्या हाती अडीच दिवस होते.

समुदायाने प्रेक्षणीय स्थळे पाहण्याच्या विद्येत आमची मंडळी जगातील कोणत्याही राष्ट्रास हार जाणार नाहीत, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. मार्गदर्शक बाई उंच धरलेल्या मिटलेल्या छत्रीच्या आधारे गर्दीतून वाट काढीत, आणि तुकोबांची पालखी दरवर्षी सोलापूर रस्त्याने दारावरून जात असल्यामुळे, काहीतरी उंच धरून पुढे चालणाऱ्या व्यक्तीच्या मागे निमूटपणे चालत राहणे हे मांजरीच्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते थांबणे. बाई थांबून पंधराव्या शतकाविषयी सांगू लागत, तेव्हा अर्धी तुकडी त्यांच्याही पुढे निघून सोळाव्यात पोहोचलेली असे. कॅथेड्रलमध्ये येशू ख्रिस्ताने अखेरच्या भोजनप्रसंगी वापरला असे भाविक मानतात तो प्याला ठेवलेला आहे; त्यापुढे आमच्या काकूंनी पायांतील वहाणा काढून हात जोडले, आणि देव कोणाचाही असो, भांडे जपून ठेवणाऱ्या माणसांविषयी आपणास आदर आहे, असे बाहेर आल्यावर सांगितले. शेजारच्या मिगेलेते मनोऱ्यास २०७ पायऱ्या आहेत. त्या चढून वर जाणाऱ्यांनी खाली राहिलेल्यांस वरून हाका मारल्या, खालच्यांनी वरच्यांची छायाचित्रे घेतली, आणि शहराकडे पाहण्यास कोणासही सवड झाली नाही.

मंडळी खरी रंगली ती रेशमाच्या बाजारपेठेत. 'लोंखा' नावाची ही इमारत १४८२ साली बांधावयास घेतली. पीळ घातलेले तिचे दगडी खांब छतापर्यंत गेलेले आहेत, आणि १९९६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. ही माहिती ऐकून घेताना मंडळींच्या मुद्रेवर जी शिष्टाचारयुक्त उदासीनता होती, ती भिंतींवरून चहूकडे फिरणाऱ्या लॅटिन लेखाचा आशय कळताच नाहीशी झाली. कारण जो व्यापारी वाणीने खोटे बोलणार नाही, शेजाऱ्यास दिलेला शब्द मोडणार नाही आणि व्याजाने पैसा लावणार नाही, त्यास संपत्तीही लाभेल आणि शेवटी सद्गतीही, अशा अर्थाचे अभिवचन तेथे दिलेले आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ज्यांचे आयुष्य तोलाई, हमाली, आडत आणि 'उद्या या' यांत गेले, त्यांनी हा लेख पुन्हा एकवार समजावून घेतला. नंतर बाईंनी, इमारतीच्या मनोऱ्यात पूर्वी दिवाळखोर व्यापाऱ्यांस कोंडीत असत असे म्हणतात, अशी पुस्ती जोडली मात्र, आणि सर्व पुरुषवर्ग त्या मनोऱ्याकडे धावला. ज्याच्या द्राक्षांचे पैसे घेऊन परराज्यातील व्यापारी एका रात्रीत परागंदा झालेला आहे, असा बागायतदार महाराष्ट्रात विरळा. तेव्हा आप्पांनी पावलांनी मनोऱ्याची लांबी-रुंदी मोजली, नानांनी भिंतीच्या जाडीचा अंदाज घेतला, आणि आपल्या ओळखीचे व्यापारी त्यात दाटीवाटीने किती मावतील यासंबंधी उभयतांत जो मतभेद झाला, तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. त्या इमारतीसमोरच १९२८ साली उघडलेली मध्यवर्ती मंडई आहे. तिच्या घुमटाकडे कोणी मान वर करून पाहिले नाही; भाव मात्र सर्वांनी विचारले, आणि ते रुपयांत कळल्यावर मांजरीच्या उपबाजाराची आठवण काढून सुस्कारे टाकले.

तुरिया नदीचे प्रकरण याहून गंभीर आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी या नदीस महापूर येऊन शहर बुडाले, तेव्हा तेथील सरकाराने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेस नवा प्रवाह खोदून त्यात सोडली, आणि मोकळ्या झालेल्या जुन्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा बगीचा केला. पूल आहेत, दगडी कठडे आहेत, कमानीखाली मुले चेंडू खेळत आहेत, पाणी तेवढे नाही. आमच्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात माणसे उचलून गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी नेऊन ठेवली, नदी मात्र होती तेथेच ठेवली. दोन राष्ट्रांच्या कारभारातील हा भेद मी मंडळींच्या नजरेस आणून दिला. तात्यांनी तो ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "ते समदं बरं, पण हलवलेली नदी कुणाच्या वावरातनं गेली?" या प्रश्नाचे उत्तर अंशतः २०२४ च्या ऑक्टोबरात मिळालेले आहे: त्या वेळच्या भयंकर पुरात शहर नव्या पात्रामुळे बचावले, आणि दोनशेंवर माणसे दगावली ती बहुतांशी त्या पात्राच्या दक्षिणेकडील गावांत. शहराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आणि शहराने नदीत सोडलेले सर्व काही, जलपर्णीसह, रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या मांजरीच्या माणसास ही गोष्ट कोणी निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. तेवढा वेळ सर्वजण गप्प होते.

गुरुवारी अकरा वाजता आम्हांस मोकळे सोडण्यात आले. व्यवस्थापक हा सदाशिव पेठेतला एक सुविद्य तरुण होता. त्याने कॅथेड्रलच्या मागील चौकात सर्वांस उभे करून हजेरी घेतली, चार वाजता येथेच जमावे असे फर्मान काढले, आणि चौकाच्या कडेच्या एका उपाहारगृहात जाऊन बसला. मंडळी मोकळी झाली; म्हणजे चाळीसही जण एकमेकांकडे पाहत होते त्याच जागी उभे राहिले. पाच मिनिटांनी सर्वांनी मिळून असे ठरविले की प्रत्येकाने आपल्या मनास येईल तिकडे जावे, आणि मग सर्वजण मिळून समोरच्या कारंज्याकडे गेले.

या कारंज्याच्या मध्यभागी तुरिया नदीचे प्रतीक असलेला धिप्पाड पुरुष पहुडलेला असून भोवती आठ तरुणींच्या प्रतिमा घड्यांतून पाणी ओतीत उभ्या आहेत. त्या आठ जणी म्हणजे नदीचे पाणी शेतांस नेणारे आठ पाट, हे कळल्यावर पुरुषवर्गाचा या शिल्पातील शास्त्रीय रस एकाएकी वाढला. काकूंनी मात्र एकदा पाहून तोंड फिरविले आणि म्हणाल्या, "आठ लेकी, अन् एकीच्याही अंगावर धड लुगडं नाही. बाप निजलाय बघा कसा!"

बाराचे ठोके पडले आणि कॅथेड्रलच्या अपोस्तल दरवाजाशी गर्दी झाली. तेथे कठड्याच्या आत खुर्च्या मांडल्या होत्या; काळे झगे घातलेले आठ जण येऊन त्यांवर बसले. हे व्हॅलेन्सियाचे पाण्याचे न्यायालय. दर गुरुवारी, दुपारी बारा वाजता, उघड्यावर, याच दारापाशी ते भरते. परंपरा त्याचा आरंभ दहाव्या शतकात, मुसलमानी अमलात झाला असे सांगते, आणि २००९ साली युनेस्कोने त्यास मुर्सियाच्या अशाच एका पंचमंडळासह मानवजातीच्या अमूर्त वारशात घातले. न्यायाधीश म्हणजे कायदेपंडित नव्हेत; आपापल्या पाटावरील शेतकऱ्यांनी निवडून दिलेले, स्वतः जमीन कसणारे शेतकरी. वकील नाही, अर्ज नाही, मुद्रांक नाही, अपील नाही. सर्व कारभार तोंडी. चोपदार हातात पितळी आकडा घेऊन एकेका पाटाचे नाव पुकारतो (क्वार्त, मिस्लाता, फावारा, मेस्ताल्या, या शेवटच्या नावावर आमच्यातील एका तरुणाने टाळ्या वाजविल्या, कारण शहराच्या फुटबॉल क्लबाचे मैदान त्याच पाटाच्या नावाने प्रसिद्ध आहे) आणि त्या पाटावरील आरोपी कोणी असल्यास पुढे यावे, असे म्हणतो. खटला असलाच तर कोणी बोलावे आणि कोणी थांबावे हे अध्यक्ष पायाने खूण करून दाखवितात. ज्या पाटावरचा आरोपी, त्या पाटाचा न्यायाधीश निकालाच्या विचारविनिमयात भाग घेत नाही. निकाल तेथल्या तेथे.

या ठिकाणी मला जे दृश्य दिसले ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही. इतके दिवस प्रार्थनामंदिरांतून जांभया देत फिरलेली आमची मंडळी कठड्याशी रेटून उभी होती, आणि त्यांच्या मुद्रांवर असे काही तेज चढले होते की भोवतालच्या जर्मन प्रवाशांनी चोपदाराचे सोडून यांचेच चित्रण चालविले. याचे कारण उघड आहे. मांजरीचा बागायतदार मुठेच्या कालव्यांवर वाढला. पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा अर्ज, पाटकऱ्याची मनधरणी, लांबलेले आवर्तन, रात्री दोन वाजता आलेली पाळी आणि त्याच रात्री शेजाऱ्याने वर फोडलेली चारी, यांवर त्याचा पिंड पोसला आहे. जुना कालवा, ज्यास सर्वजण बेबी कालवा म्हणतात, त्यात आता मुंढव्याहून शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी येते आणि तेही वेळेवर येईल तर शपथ. आणि ज्यांनी बागा काढून इमारती बांधल्या त्यांच्या त्या इमारतींत पाणी टँकरने येत असल्यामुळे, जे भांडण पूर्वी बांधावर होत असे ते आता सोसायटीच्या सभेत, खुर्चीवर बसून होते. धुळे-नाशिककडे फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्ये नेमून शेतकरी आपले पाणी आपण वाटून घेत, हे तात्यांना ऐकून ठाऊक होते. परंतु पाण्याचा तंटा एका दुपारी, एका दारात आणि एका पैशाच्या खर्चावाचून मिटतो, ही कल्पना शिवाजीनगरच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविलेल्या माणसांस राजवाड्यांहून अधिक अद्भुत वाटावी यात नवल नाही.

दुर्दैवाने त्या दिवशी एकही आरोपी निघाला नाही. आठ नावे पुकारली गेली, आठही वेळा शांतता पसरली, आणि अवघ्या काही मिनिटांत न्यायमूर्ती उठून आत गेले. बहुतेक गुरुवारी असेच होते, असे शेजारच्या एका वृद्धाने खुणांनी सांगितले. मंडळींची घोर निराशा झाली. "एकसुदीक चोर नाही?" नाना म्हणाले, "आठ पाट, अन् एकानंबी पाणी वळवलं नाही? मग ह्यांना पिकवता येत नसंल." आप्पांचे मत निराळे होते: निकाल जेथे त्याच दिवशी लागतो तेथे चोरी करण्यात माणसास स्वारस्य ते काय राहणार! चोरीस निदान पंधरा वर्षांची उमेद पाहिजे.

वार गुरुवार असल्यामुळे पुढचा प्रश्न उपासाचा होता. तुकडीत दत्ताचे गुरुवार करणारे बरेच निघाले, आणि शहराचे प्रख्यात पक्वान्न जो पाएया, त्यात कोंबडी आणि ससा शिजत असल्याचे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवल्यामुळे तो मार्ग तूर्त बंद होता. शिवाय त्यातील तळाशी लागलेल्या भाताची खरपुडी तेथे मानाचा घास समजून वाढतात, हे ऐकून काकूंनी स्पॅनिश सासवांविषयी प्रतिकूल ग्रह करून घेतला होता. अखेर चौकाजवळच्या एका दुकानात दुधाळ, थंडगार पेयाचे पेले दिसले. त्याचे नाव 'ओर्चाता'. 'चूफा' नामक एका कंदापासून ते काढतात, त्यात दूध नसते, आणि शहरालगतच्या अल्बोरायाची ओर्चाता विशेष वाखाणली जाते. कंद म्हटल्यावर ते उपासाला चालते, असा निर्णय काकूंनी एकमुखाने दिला. रताळी चालतात तर हे का नको? त्याबरोबर मिळणारा 'फार्तोन' नावाचा लांबट मऊ पाव मात्र चालत नाही, असाही निर्णय झाला, आणि पुरुषांनी तो काकूंची पाठ फिरल्यावर खाल्ला.

पेले अर्धे झाले असतील नसतील, तोच दुकानदाराने कौतुकाने कच्च्या चूफाची एक मूठ आणून टेबलावर ओतली. तात्यांनी एक दाणा उचलला, नखाने सोलला, हुंगला, आणि त्यांची मुद्रा पालटली.

"आप्पा," ते हळूच म्हणाले, "तुम्ही जरा बघा बरं. ह्यो लव्हाळा हाय."

आप्पांनी पाहिले. शास्त्रदृष्ट्या तो आपला लव्हाळा नव्हे, त्याचा चुलतभाऊ. कुळ तेच, गोत्र तेच, फक्त गाठी मोठ्या आणि गोड. परंतु ज्या लव्हाळ्याने उसाच्या फडात तीन पिढ्यांच्या खुरपणीचे पैसे खाल्ले, जो उपटला असता तिप्पट जोमाने उठतो, ज्यावर पाहिजे ती औषधे मारून शेवटी माणसाने जमीनच बिल्डरला देऊन टाकली, त्याचा भाऊबंद परमुलखात बर्फ घालून पेल्यातून विकला जात आहे, मोजून पैसे घेतले जात आहेत आणि आपण तो उपासाला पीत आहोत, हे लक्षात येताच टेबलाभोवती बराच वेळ कोणी बोलेना. नंतर नानांनी आपल्या बांधावर उगवणाऱ्या लव्हाळ्याचा एकरी अंदाज मांडावयास सुरुवात केली. काकूंनी दुसरा पेला मागविला.

दोन वाजले तरी आम्हांस अजून दोन तासांचे स्वातंत्र्य भोगावयाचे होते, आणि ते नेमके खरेदीसाठी राखलेले होते. परंतु दोनच्या सुमारास व्हॅलेन्सियाचा छोटा दुकानदार फळी ओढून घरी जेवावयास व विसाव्यास जातो तो पाचापर्यंत फिरून दर्शन देत नाही. ही कार्यक्रमपत्रिका रचणाऱ्याने त्या देशाचा इतिहास अभ्यासिला होता, घड्याळ अभ्यासिले नव्हते. मंडळी बंद दुकानांच्या काचांतून पंख्यांच्या आणि शालींच्या किमती वाचीत हिंडली, एका मोठ्या झाडाखालच्या बाकांवर जागा धरून बसली, आणि तेथे, प्रथमच त्या दिवशी, कोणालाही कोठेही जावयाचे नसल्यामुळे, खरोखर सुखी झाली. ज्यांस वामकुक्षी लागते ते एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपले. बाकीच्यांनी मांजरीतल्या रेल्वे फाटकाविषयी चर्चा केली.

त्याच रात्री पाहुणघराच्या दिवाणखान्यात आम्ही आमचे स्वतःचे न्यायालय भरविले. वादविषय जुना होता. माद्रिदपासून बसच्या पुढील दोन जागा खुर्दच्या मंडळींनी धरून ठेवल्या होत्या, आणि बुद्रुककरांचे म्हणणे असे की लोकसंख्येने थोर असलेल्या गावास मागे बसविणे हा अन्याय आहे. आठ न्यायाधीश निवडले. काळे झगे नव्हते म्हणून शाली पांघरल्या. नाना चोपदार झाले आणि त्यांनी छत्रीचा आकडा उगारून दोन्ही पाटांची, म्हणजे दोन्ही मांजऱ्यांची, नावे पुकारली. आप्पांनी पायाने खूण करून खुर्दला बोलावयास सांगितले. पायाने खुणावले म्हणून खुर्दच्या एका ज्येष्ठ गृहस्थाने हरकत घेतली आणि अर्धा तास त्या अवमानाची सुनावणी झाली. ती मिटल्यावर व्हॅलेन्सियाचा नियम आठवला: आरोपीच्या पाटावरील न्यायाधीशाने निकालात भाग घ्यावयाचा नाही. म्हणून खुर्दचे चौघे उठले. परंतु उलट फिर्याद खुर्दनेही दाखल केलेली असल्यामुळे बुद्रुकचे चौघेही उठले, आणि आठही खुर्च्या रिकाम्या झाल्या. तेव्हा कोणीतरी त्रयस्थ म्हणून व्यवस्थापकाचे नाव सुचविले. दोन्ही मांजऱ्यांनी त्यास एकमताने, आणि त्या रात्रीत प्रथमच एकमताने, नकार दिला. खडकवासल्याचे पाणी वरच्यावर अडवून पिणाऱ्या पुणे शहराचा माणूस पाण्याच्या न्यायालयात पंच म्हणून बसविणे, हे दोघांच्याही बुद्धीस पटेना.

रात्री बाराच्या सुमारास तूर्तातूर्त 'जैसे थे'चा हुकूम होऊन पुढील दोन जागा खुर्दकडेच राहिल्या. पुढची तारीख मांजरीची पडली आहे. त्या वेळी बस स्पेनमध्ये असेल, या मुद्द्याचा विचार त्याच तारखेस करण्याचे ठरले.